खर्रा सोडवण्याच्या अभ्यासात थिअरी नेमकी कुठे लागते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. समाजकार्यात पीएच.डी. करणाऱ्या एकाचा विषय आहे 'हिंगणा एमआयडीसीतील कामगारांमध्ये खर्रा सोडवण्यासाठी समुपदेशनाची परिणामकारकता'. (खर्रा म्हणजे ठेल्यावर घोटून मिळणारं सुपारी, तंबाखू, चुन्याचं मिश्रण; हिंगणा ही नागपूरजवळची औद्योगिक वसाहत.) आराखडा तयार आहे: तीन समुपदेशन सत्रं, त्यांत तोंडाच्या कॅन्सरच्या स्लाइड्स, एक माहितीपुस्तिका, आणि सत्रांच्या आधी व तीन महिन्यांनी भरून घ्यायची चाळीस प्रश्नांची प्रश्नावली. गाइडने सिनॉप्सिस (संशोधनाचा लेखी आराखडा) परत पाठवला, त्यावर एकच शेरा: 'सैद्धांतिक चौकट नाही.' आता विचारणा अशी की हेल्थ बिलीफ मॉडेल टाकू, कॉम-बी टाकू की स्टेजेस ऑफ चेंज? (माणसाचं वर्तन का घडतं आणि कसं बदलतं हे सांगणाऱ्या या तीन प्रचलित थिअरी.) आणि प्रश्नावली न बदलता यातलं कोणतं बसेल?

खरी गोम त्या शेवटच्या वाक्यात आहे. प्रश्नावली बदलायचीच नसेल तर तिन्ही बसतील आणि तिन्हींचा उपयोग शून्य. लग्न लागून गेल्यावर पत्रिका जुळवायला बसण्यासारखं आहे ते. गाइडचा शेरा 'एक परिच्छेद कमी आहे' असा वाचू नका. 'माणसं खर्रा का खातात आणि तुमच्या तीन सत्रांनी ते का थांबेल, हे मला कुठेच दिसलं नाही,' असं त्यांना म्हणायचं आहे. निदान मी त्यांच्या जागी असते तर मला तेच म्हणायचं असतं. मी नागपुरात राहून विदर्भातल्या आरोग्य कार्यक्रमांची आखणी आणि मूल्यमापन करते, तंबाखूचं काम त्यात बरंच येतं. त्यामुळे पुढचं सगळं त्या चष्म्यातून आहे, हे आधीच सांगून ठेवते.

एखाद्या आराखड्यात थिअरी खरोखर काम करते आहे का, हे बघायची माझी पद्धत साधी आहे. थिअरीचं नाव पेन्सिलीने खोडायचं आणि बघायचं की काय बदललं. प्रश्नावलीतला एखादा प्रश्न निराधार झाला का? सत्रातली एखादी कृती 'ही इथे कशाला' अशी वाटायला लागली का? मोजमापाच्या वेळा, कोणाला कोणत्या गटात घालायचं, यातलं काही डळमळलं का? काहीच हललं नाही, तर ती चौकट शोभेची होती. तुमचा सध्याचा आराखडा या कसोटीला लावला तर खोडायला काही नाहीच. पण एक न लिहिलेली थिअरी त्यात आहे, आणि ती अशी: कामगारांना खर्ऱ्याचे दुष्परिणाम माहीत नाहीत, ते माहीत झाले की ते सोडतील. तुम्ही हे कुठे लिहिलेलं नाही, पण स्लाइड्स, पुस्तिका आणि माहितीचे प्रश्न हेच सांगतात. थिअरी नाही असा आराखडा नसतोच, न तपासलेली असते एवढंच.

आता ही न तपासलेली थिअरी खरी आहे का? हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कुठल्याही गेटबाहेरच्या पानठेल्यावर अर्धा तास उभं राहिलात तर उत्तर मिळेल. खर्ऱ्याने कॅन्सर होतो हे ठाऊक नाही असा कामगार मला सहसा भेटत नाही. उलट बऱ्याच जणांच्या नात्यात, वस्तीत कोणाचं तरी ऑपरेशन झालेलं असतं, कोणाचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नसतं. 'मेडिकल'ला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, कोणत्या ओपीडीत जायचं हेही त्यांना पाठ असतं. माहिती आहे. तरी खर्ऱ्याची पन्नी खिशात आहे.

यावरून हेल्थ बिलीफ मॉडेलकडे वळू, कारण तुमचा कल तिकडे दिसतो आणि आपल्याकडचे बरेच प्रबंध तेच वापरतात. ते कशासाठी जन्माला आलं हे बघितलं की ते कुठे लागू पडतं हेही कळतं. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेपुढे एक कोडं होतं: क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे फुकट, गाडी वस्तीत येऊन उभी, तरी लोक येत नाहीत. हॉकबाम, रोझेनस्टॉक वगैरे मानसशास्त्रज्ञांनी विचारलं की येणाऱ्याच्या आणि न येणाऱ्याच्या मनात फरक काय? त्यातून घटक निघाले: हा रोग मला होऊ शकतो असं वाटतं का, झाला तर किती गंभीर वाटतो, तपासणीचा फायदा काय वाटतो, आड काय येतं, आणि शेवटचा धक्का कशाने मिळतो. 'मला हे जमेल का' हा घटक बराच नंतर, १९८८ मध्ये, त्यात अधिकृतपणे जोडला गेला.

म्हणजे हे मॉडेल मुळात एकदाच घ्यायच्या निर्णयासाठी होतं: आज एक्स-रे काढायचा की नाही. तुमचा विषय 'कामगार तोंडाच्या तपासणी शिबिराला का येत नाहीत' असा असता, तर मी डोळे झाकून हेच घ्या म्हटलं असतं. खर्रा हा दिवसातून अनेकदा, बऱ्याचदा न ठरवता होणारा प्रकार आहे, आणि त्यात निकोटीनचं व्यसन आहे. निर्धाराने सोडलेला माणूस तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चार वाजता ठेल्यावर परत का जातो, याचं उत्तर या मॉडेलला धड देता येत नाही. तसं ते वाईट नाही, तुमच्या प्रश्नासाठी अपुरं आहे.

मग थिअरी निवडायची कशी? पुस्तकातून नाही, कामगारांच्या तोंडून. सिनॉप्सिस पुन्हा लिहायच्या आधी दहा-बारा जणांशी नुसत्या गप्पा मारा: सोडलेले, सोडून परत लागलेले, कधीच न सोडलेले, दोघं-तिघं सुपरवायझर आणि एखादा ठेलेवाला. विचारायचं एवढंच: शेवटचा खर्रा कधी खाल्ला, तेव्हा कुठे होता, सोबत कोण होतं, नसता खाल्ला तर काय झालं असतं. 'का खाता' असं विचारलं की माणूस तुम्हाला जे आवडेल ते सांगतो. 'शेवटचा कधी' असं विचारलं की घडलेलं सांगतो.

आमच्या कानावर नेहमी पडणारी चार वाक्यं देते. 'खर्रा नाही खाल्ला तर सकाळी पोटच साफ होत नाही.' 'रात्रपाळीत डोळे मिटून राहिले ना मॅडम, मशीनवर उभं कसं राहाव?' 'सोबती हात पुढे करते तर नाही कसं म्हणाव?' आणि चौथं: 'सोडला होता ना. सुट्टीवर गावाला होतो तोवर सुटला होता. ड्युटीवर आलो का पुन्हा सुरू.'

या चारपैकी एकही वाक्य 'दुष्परिणाम माहीत नाहीत' या खणात बसत नाही. ती जिथे बसतात तिथे तुमची थिअरी आहे. कॉम-बी मी इथे सुचवते ती याच कारणाने. मिची, व्हॅन स्ट्रालेन आणि वेस्ट यांनी २०११ मध्ये मांडलेली ही चौकट म्हणते की कोणतंही वर्तन घडायला तीन गोष्टी लागतात: क्षमता, संधी आणि प्रेरणा. प्रत्येकीचे दोन भाग. क्षमता शारीरिक आणि मानसिक, संधी भौतिक आणि सामाजिक, प्रेरणा विचारपूर्वक आणि आपोआप होणारी. सोडवण्याच्या कामात प्रश्न उलटा विचारायचा: न खाण्यासाठी यातलं काय कमी पडतं आहे?

पोट साफ होण्याची गोष्ट घ्या. आपले लोक ती अंधश्रद्धा म्हणून हसण्यावारी नेतात. पण निकोटीनने आतड्याची हालचाल वाढते आणि ते थांबवल्यावर सुरुवातीला बद्धकोष्ठता होणं हे मान्य लक्षण आहे. कामगाराचा अनुभव खरा आहे, त्याने काढलेला निष्कर्ष तेवढा अर्धवट आहे. म्हणजे इथे मानसिक क्षमता कमी पडते: हा त्रास कशाने होतो, किती दिवस राहतो आणि तोवर काय करायचं, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. मग पहिल्या सत्रात कॅन्सरचा फोटो दाखवण्यापेक्षा 'पहिले काही दिवस पोट जड राहील, भरपूर पाणी प्या, जेवणात पालेभाजी वाढवा, हे जातं' हे सांगणं जास्त कामाचं. ही कृती थिअरीतून आली. मापनही तिच्यातूनच येतं: आठवड्याने विचारायचं, 'पोटाचा त्रास झाला का, आणि झाला तेव्हा काय केलंत?'

रात्रपाळीचं वाक्य भौतिक संधीचं आहे. पहाटे तीनला चहा मिळतो का, पाच मिनिटं मशीन सोडून तोंडावर पाणी मारता येतं का, हे कामगाराच्या हातात नाही, शिफ्ट इनचार्जच्या आहे. समुपदेशनाने हे सुटणार नाही, तिथे व्यवस्थापनाशी बोलावं लागेल. सोबत्याचं वाक्य सामाजिक संधीचं. खर्रा वाटून खाणं ही आपल्याकडे ओळख काढायची आणि टिकवायची रीत आहे, नकार म्हणजे माणसालाच नकार. त्यासाठी नकाराचं वाक्य तयार करून, सत्रात एकमेकांवर वापरून बघायला लावावं लागतं, आणि जमल्यास एका लाइनवरच्या सगळ्यांना एकत्र घ्यावं लागतं. सुट्टीत सुटतो आणि ड्युटीवर सुरू होतो हे तर पाठ्यपुस्तकातलं उदाहरण वाटावं इतकं स्वच्छ आहे: गेट, ठेला, सायरन, डब्यानंतरची पंधरा मिनिटं या खुणा आपोआप हात खिशाकडे नेतात. तिथे उपदेश चालत नाही. 'डबा धुऊन झाला की मी ठेल्याकडे न जाता नळाकडून थेट लाइनवर जाईन' असा जर-तर ठराव आधीच करून ठेवणं चालतं. मानसशास्त्रज्ञ गॉलविट्झरने १९९९ मध्ये ही कल्पना नीट मांडली, आणि नुसता इरादा व प्रत्यक्ष कृती यांमधली दरी भरायला ती बऱ्यापैकी कामी येते.

ही दरी किती मोठी असते हेही सांगते. वेब आणि शीरन यांनी २००६ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. इराद्यात मध्यम ते मोठा बदल घडवला तरी वर्तनातला बदल छोटा ते मध्यमच राहिला. तुमच्या प्रश्नावलीत 'येत्या महिन्यात खर्रा सोडण्याचा तुमचा विचार आहे का' हा प्रश्न आहे आणि तोच तुम्ही यशाचं माप धरला आहे. म्हणून हे सांगितलं.

इथवरचं एका ओळीत: कामगाराचं वाक्य, ते चौकटीच्या कोणत्या खणात जातं, त्या खणासाठी काय करणार, आणि ते घडलं हे कशाने कळणार. असा चार रकान्यांचा एक तक्ता तुमच्या सिनॉप्सिसमध्ये आला की गाइडचा शेरा सुटला. तक्त्यात एखादा रकाना रिकामा राहिला, तर तिथे एकतर कृती जास्तीची आहे किंवा मोजमाप कमी आहे. तुमच्या सध्याच्या तीन सत्रांचा तक्ता केला तर सगळं दोनच खणांत जाऊन बसेल, माहिती 'मानसिक क्षमते'त आणि भीती 'विचारपूर्वक प्रेरणे'त, आणि बाकीचे चार मोकळे.

स्लाइड्सबद्दल वेगळं बोलते, कारण त्यांवर तुमचा जीव दिसतो. भीती दाखवणं चुकीचंच असं नाही. पण किम विटे यांनी १९९२ मध्ये मांडलेलं मॉडेल मला प्रत्यक्षात फार वेळा खरं होताना दिसलं आहे: धोका मोठा दाखवला आणि 'यातून सुटायला मला जमेल' ही खात्री दिली नाही, तर माणूस धोक्याशी लढत नाही, भीतीशी लढतो. म्हणजे नजर वळवतो, थट्टा करतो, 'आमचा आजा नव्वदीपर्यंत तंबाखू खाऊन जगला' म्हणतो. सडलेल्या जबड्याचा फोटो पडद्यावर आला की मागच्या रांगेत हशा पिकतो, तो निगरगट्टपणा नसतो. स्लाइड्स ठेवायच्या असतील तर दोनच ठेवा, आणि त्यांच्या लगेच पुढे सोडलेल्या माणसाला बोलायला उभं करा. त्याच प्लांटमधला, त्याच शिफ्टमधला असेल तर उत्तम.

आणि एक खास खर्ऱ्याची गोष्ट. सिगारेटच्या पाकिटावर २०१६ पासून ८५ टक्के जागेवर चित्रमय इशारा असतो. विडी, तंबाखूच्या पुड्यांनाही तोच नियम. खर्रा मात्र ठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना एकत्र घोटून कोऱ्या पन्नीत बांधून मिळतो. तंबाखूच्या पुडीवरचा इशारा ठेलेवाल्याला दिसतो, खाणाऱ्याला नाही. परदेशी किंवा अगदी मुंबई-पुण्याच्या अभ्यासातली प्रश्नावली उचलली की 'पाकिटावरचा इशारा पाहून तुम्हाला काय वाटतं' असे प्रश्न सोबत येतात. इथे त्यांना काही अर्थ उरत नाही. चौकट बाहेरून घेतली तरी चालते, तिच्यातला मजकूर इथलाच लागतो.

आता संशोधनाच्या रचनेकडे. थिअरी फक्त कार्यक्रमासाठी असते असं अनेकांना वाटतं. ती रचनाही ठरवते.

पहिलं, गट. सोबती, लाइन, शिफ्ट यांचा प्रभाव मोठा आहे असं तुमची चौकट म्हणत असेल, तर एकाच लाइनवरच्या निम्म्या कामगारांना समुपदेशन आणि निम्म्यांना नाही अशी विभागणी तुम्हाला करता येणार नाही. पुस्तिका दुपारपर्यंत दुसऱ्या गटात पोहोचलेली असेल, आणि पोहोचावी अशीच तर तुमची थिअरी आहे. मग अख्खी शिफ्ट किंवा अख्खं युनिट एका गटात घ्यावं लागतं, आणि तसं केलं की नमुन्याचा आकार वाढतो, कारण एका युनिटमधली माणसं एकमेकांसारखी वागतात. संख्याशास्त्राच्या माणसाकडे जाल तेव्हा हे आधीच सांगा, नाहीतर तो साधं सूत्र लावून आकडा देईल आणि व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) तुम्ही अडकाल.

दुसरं, वेळा. निकोटीन थांबवल्यानंतरचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. तुमची तीन सत्रं महिन्याच्या अंतराने आहेत. सर्वांत अवघड आठवडा अख्खा सोडून तुम्ही माणसाला महिन्याने भेटणार. आपोआप होणाऱ्या प्रेरणेचा खण गंभीरपणे घेतला तर पहिली दोन सत्रं एकाच आठवड्यात येतात आणि मधल्या दिवसांत फोन येतो. तिसरं महिन्याने चालेल.

तिसरं, शेवटचं माप. 'सोडला का' याची खातरजमा लघवीतल्या कोटिनीनने (निकोटीनपासून शरीरात तयार होणाऱ्या पदार्थाने) करायची असं तुम्ही लिहिलं आहे. चांगलं आहे, पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. कोटिनीन मागच्या काही दिवसांचंच सांगतं, तीन महिन्यांचं नाही. आणि दुसरी गोष्ट इथे फार मोलाची: खर्रा सोडून साधी सुपारी चघळायला लागलेल्याचं कोटिनीन खाली येईल आणि तुमच्या कागदावर तो यशस्वी ठरेल. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारीला, तंबाखू नसतानाही, माणसात कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात घातलं आहे. तोंड न उघडण्याचा आजारही मुख्यतः सुपारीचाच. तेव्हा तुमचं लक्ष्य-वर्तन नेमकं काय, 'तंबाखू सोडणे' की 'तंबाखू आणि सुपारी दोन्ही सोडणे', हे पहिल्या पानावर ठरलं पाहिजे. कॉम-बीवर आधारलेल्या आखणीत पहिली पायरी हीच असते: वर्तन नेमकं लिहा, कोण, काय, कुठे, कधी. कंटाळवाणी म्हणून सगळे ती उडवतात. त्याच ओघात हेही: खर्ऱ्याऐवजी तोंडात काय ठेवायचं हे सांगताना बडीशेप म्हणा, लवंग म्हणा, भाजलेलं जवस म्हणा, पण 'सुगंधी सुपारी' कोणाच्या तोंडून निघू देऊ नका.

चौथं, प्रश्न कुठे विचारता. बऱ्याच कारखान्यांत खर्रा आत न्यायला बंदी आहे, गेटवर झडती होते. तुम्ही एचआरच्या खोलीत बसून 'दिवसातून किती' विचारलंत तर आकडा निम्मा येईल. त्याला थिअरीची गरज नाही, नुसतं व्यवहारज्ञान पुरे. कँटीनच्या मागे किंवा बसस्टॉपवर बसा, आणि उत्तरं व्यवस्थापनाला मिळणार नाहीत हे संमतीपत्रात ठळक लिहा.

स्टेजेस ऑफ चेंजबद्दल मी थोडक्यात आटपते. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांनी १९८३ मध्ये सिगारेट सोडणाऱ्यांवरून ते मांडलं: माणूस 'विचारच नाही', 'विचार आहे', 'तयारी', 'कृती' अशा पायऱ्यांनी बदलतो. म्हणून तंबाखूच्या प्रबंधांत ते येणारच. कोण तयार आहे आणि कोण नाही हे पाहून बोलणं बदलावं, इथवर ते सुज्ञपणाचं आहे. पण सोडण्याचा विचार 'सहा महिन्यांच्या आत' की 'तीस दिवसांच्या आत', यावरून पायरी ठरवणाऱ्या रेषा मनमानी आहेत, ही टीका जुनी आहे. रॉबर्ट वेस्ट यांनी २००५ मध्ये तर हे मॉडेल आता बाजूला ठेवा असंच लिहिलं. माझा अनुभव टीकाकारांच्या बाजूचा आहे. पगाराच्या दिवशी 'विचारच नाही' म्हणणारा माणूस चुलत्याच्या बायोप्सीचा रिपोर्ट आल्यावर त्याच संध्याकाळी पन्नी फेकतो. मधल्या पायऱ्या त्याने चढलेल्या नसतात.

तिन्ही एकत्र करू का, असंही तुम्ही विचारलं आहे. करता येतं, प्रत्येकीला स्वतंत्र काम असेल तर. उदाहरणार्थ, वर्तनाचं निदान कॉम-बीने, आणि 'जमेल का' हा एक घटक मानसशास्त्रज्ञ बॅन्ड्युरा यांच्या स्व-क्षमतेच्या संकल्पनेने मोजायचा, कारण तिचं मोजमाप जास्त घोटून तयार झालेलं आहे. तिथेही मजकूर आपला. 'खर्रा सोडण्याबाबत तुम्हाला किती आत्मविश्वास आहे' याला शंभरातले बहुतेक 'पूर्ण आहे' म्हणतात आणि प्रश्न वाया जातो. स्व-क्षमता प्रसंगावर अवलंबून असते हे बॅन्ड्युरांचं म्हणणं धरून प्रश्न असा करा: 'रात्रपाळीत पहाटे तीन वाजता शेजारच्याने पन्नी पुढे केली, तर नाही म्हणणं तुम्हाला किती जमेल, शून्य ते दहा?' मग आकडे पसरतात, आणि पसरले तरच पुढे काही विश्लेषण होतं.

थिअरी वापरली की कार्यक्रम यशस्वी होतोच, असं मात्र सिनॉप्सिसमध्ये लिहू नका. व्यायाम आणि आहाराच्या कार्यक्रमांचा प्रेस्टविच आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मोठा आढावा घेतला. थिअरीचा आधार सांगणाऱ्या कार्यक्रमांपैकी ९० टक्क्यांनी आपल्या सगळ्या कृती थिअरीच्या कोणत्या घटकाशी जोडल्या हे दाखवलंच नव्हतं, आणि थिअरीच्या वापराचा परिणामकारकतेशी सुसंगत संबंधही दिसला नाही. काही लोक यावरून थिअरी निरुपयोगी असा अर्थ काढतात. मी असा काढते की नाव घेणं आणि वापरणं यांत फरक आहे, आणि तुमचा तक्ता त्या उरलेल्या १० टक्क्यांत बसणारा असावा. दुसरा फायदा अपयशात दिसतो. खर्रा सुटला नाही, पण नकार देण्याची क्षमता वाढली आणि ठेला तिथेच राहिला, एवढं तुम्हाला सांगता आलं तर पुढच्या माणसाला कुठे हात घालायचा ते कळतं. नुसतं 'फरक आढळला नाही' यातून कोणालाच काही कळत नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी, ज्या मला इथून दिसत नाहीत. तुम्हाला एकाच कारखान्याची परवानगी असेल तर गटांची तुलना विसरा. त्या अवस्थेत 'परिणामकारकता' हा शब्द शीर्षकातून काढून 'व्यवहार्यता' घाला, आधी-नंतर मोजा, सोबत मुलाखती घ्या. ब्रिटिश मेडिकल रिसर्च काउन्सिलची गुंतागुंतीच्या कार्यक्रमांसाठीची २०२१ ची मार्गदर्शिका व्यवहार्यतेला स्वतंत्र टप्पा मानते आणि कार्यक्रम कसा काम करेल याची मांडणी प्रत्येक टप्प्यावर मागते. तिचा हवाला दिलात तर कोणी कमी लेखणार नाही. व्यवस्थापन चहाची वेळ बदलायला तयारच नसेल, तर भौतिक संधीचा खण 'आमच्या हाताबाहेर' असं लिहून मोकळा ठेवा, खोटा भरू नका. आणि तुमचा खरा रस 'कारखाना हा कार्यक्रम स्वतः चालवेल का' यात असेल (तुमच्या प्रश्नातल्या दोन वाक्यांवरून मला तशी शंका आली), तर कॉम-बी पुरणार नाही. तो अंमलबजावणीचा प्रश्न आहे. त्यासाठी २००९ ची सीएफआयआर किंवा १९९९ ची री-एम अशा चौकटी आहेत: पहिली अडथळे कुठे येतील ते शोधायला, दुसरी किती जणांपर्यंत पोहोचलं आणि किती टिकलं ते मोजायला. कामगार का खातो याचं स्पष्टीकरण त्या देत नाहीत.

प्रश्नावलीचं काय करायचं? तुम्ही नमुन्यादाखल दिलेले बहुतेक प्रश्न माहितीचे आहेत. त्यांतले पाच-सहा ठेवा. सुटलेल्या जागेत प्रसंगनिष्ठ 'जमेल का' चे सहा-सात, सोबती आणि घरच्यांबद्दलचे चार-पाच, ठेला, ब्रेक, शिफ्ट यांचे चार-पाच, आणि सुपारीसह मागच्या सात दिवसांतल्या वापराचे घाला. चाळीसपेक्षा कमीच होतील आणि कामगार डुलक्या देणार नाही. सिनॉप्सिसमध्ये चौकटीवर दीड पान पुरे: लक्ष्य-वर्तन, दहा-बारा गप्पांमधून काय निघालं, हेल्थ बिलीफ मॉडेल का घेतलं नाही, कॉम-बी का घेतली, आणि तो तक्ता. 'हेच मॉडेल का, ते का नाही' हे व्हायव्हात विचारलं जाणारच, तेव्हा एक्स-रेच्या गाडीची गोष्ट सांगा, ती परीक्षकांना आवडते.

क्रमाबद्दल एक शेवटचं. प्रश्नावली एथिक्स कमिटीकडे अजून गेली नसेल तर हे सगळं बदलून मगच पाठवा. गेली असेल आणि मंजुरी मिळाली असेल, तर बदललेली प्रश्नावली, नव्या वेळा आणि मधले फोन यांसाठी दुरुस्तीचा अर्ज करावा लागेल, आणि तो मंजूर होईपर्यंत एकाही कामगाराकडून काही भरून घेऊ नका. सुरुवातीच्या त्या दहा-बारा गप्पाही प्रबंधात वापरायच्या असतील तर त्यांचा उल्लेख अर्जात हवा, म्हणून गाइडशी बोलून त्यांचा मसुदा आधी लिहून घ्या.